शेत आपले, नेम कोणाचा? : स्वतःच्या जमिनीवरील नेमबाजी आणि १८७८ चा वारसा

१.
शेत स्वतःच्या मालकीचे आहे. आसपास वस्ती नाही. बांधापलीकडे मातीचा उंच ढिगारा आहे आणि त्यावर एक रिकामे मडके ठेवले आहे. त्या मडक्यावर बंदुकीने नेम धरला, तर तो गुन्हा ठरतो का? सोलापूरच्या भवानी पेठेत राहून गावाकडची जमीन राखणाऱ्या कुणालाही पडू शकेल असा हा साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात दडले आहे, आणि त्या इतिहासातील एक रक्तरंजित पान खुद्द भवानी पेठेच्या परिसरातच लिहिले गेले. हा धागा त्या प्रश्नाविषयी.

२.
उत्तराचे सार प्रथम सांगणे योग्य. भारतीय शस्त्रकायदा ‘जमीन कोणाची’ हे विचारत नाही. बंदूक कोणाच्या हातात आहे आणि ती कशासाठी घेतली आहे, एवढेच तो विचारतो. सातबारा उताऱ्यावर नाव असल्याने बंदूक बाळगण्याचा किंवा चालवण्याचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. हे असे का झाले, कोणी केले आणि स्वातंत्र्यानंतर त्यात काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे.

३.
आरंभ एका निरुपद्रवी शस्त्रापासून करू. सोलापूर जिल्हा ज्वारीचा. कणसे हुरड्याला आली की शेतात माळा उभा राहतो आणि राखणदाराच्या हाती गोफण येते. गोफण हेही नेमाचेच साधन. मुरलेल्या हाताने सोडलेला गुंडा पाखरांच्या थव्यावर अचूक पडतो. या नेमबाजीला कधीही परवाना लागला नाही. १८७८ च्या कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना बंदुकांबरोबर तलवारी, खंजीर, भाले आणि धनुष्यबाणही मोजले. गोफण त्या यादीत नव्हती. कोणते साधन शेतीचे आणि कोणते युद्धाचे, ही रेषा आखण्याचा अधिकार मात्र तेव्हापासून सरकारने स्वतःकडे घेतला.

४.
त्यापूर्वी दख्खनमध्ये शस्त्र ही घरातली नित्याची वस्तू होती. पाटील, देशमुख, रामोशी, बेडर, नाईक यांच्या वतनाचा आणि चाकरीचाच तो भाग होता. गावाची राखण करणाऱ्याच्या घरात ठासणीची बंदूक किंवा तलवार असणे यात कोणाला नवल वाटत नसे. १८५७ च्या उठावाने कंपनी सरकारला हादरवले आणि त्याच वर्षी शस्त्रे नोंदवून घेण्याचा, प्रसंगी काढून घेण्याचा कायदा झाला.

५.
त्याचा पहिला मोठा स्फोट सोलापूरच्या दक्षिणेस, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात झाला. हलगली गावच्या बेडरांनी शस्त्रे देण्यास साफ नकार दिला. शस्त्र हे त्यांच्या उपजीविकेचे आणि प्रतिष्ठेचे साधन होते. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस कंपनीच्या फौजेने हलगलीवर हल्ला चढवला, गाव जाळले आणि डिसेंबरमध्ये पकडलेल्यांना फाशी दिली. ही कथा कानडी लोकगीतात जिवंत राहिली. जॉन फ्लीट या इंग्रज अधिकारी-संशोधकाने पुढे जी कानडी वीरगीते गोळा केली, त्यांत हलगलीचे गीतही आहे.

६.
हलगलीचे बेडर स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात होते. त्यांनी शेजारच्या गावावर स्वारी केली नव्हती. शस्त्र घरात असणे एवढाच त्यांचा अपराध होता. शस्त्र वापरणे हा गुन्हा, इथून शस्त्र जवळ असणे हाच गुन्हा, इथपर्यंतचा प्रवास येथे सुरू झाला. आजचा कायदाही मुळात ‘जवळ बाळगणे’ या क्रियेभोवतीच उभा आहे.

७.
आता इंग्लंडकडे पाहू, कारण तुलना बोलकी आहे. १८७० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने बंदूक परवान्याचा कायदा केला. दहा शिलिंग भरून वर्षभराचा परवाना घ्यावा लागे. तो मुख्यतः महसूल गोळा करण्यासाठी होता. त्यात दोन सवलती ठळक होत्या. स्वतःचे राहते घर आणि त्याभोवतीचे आवार यांच्या आत बंदूक बाळगायला किंवा वापरायला परवाना नको. आणि जमीन कसणाऱ्याने आपल्या जमिनीवर पाखरे हाकलण्यासाठी किंवा उपद्रवी प्राणी मारण्यासाठी बंदूक वापरली, तर तेथेही परवाना नको.

८.
म्हणजे ‘माझी जमीन, माझे आवार’ हा युक्तिवाद इंग्लंडच्या कायद्याला मान्य होता. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी त्याच साम्राज्याने हिंदुस्थानसाठी शस्त्रकायदा केला, तेव्हा या सवलतीचा मागमूसही ठेवला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत मंजूर झालेला १८७८ चा अकरावा कायदा बंदूक आणि दारूगोळा जवळ किंवा ताब्यात ठेवण्यालाच परवान्याची अट घालतो. घर असो, वाडा असो वा शेत असो, जागेने काहीही फरक पडत नसे. भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद.

९.
फरक पडत असे तो माणसाने. कायद्याखालील नियमांनी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन व्यक्तींना सूट दिली. काही किताबधारी आणि उच्चपदस्थ हिंदी लोकांनाही ती मिळाली. बाकीच्यांनी अर्ज करायचा आणि अधिकाऱ्याच्या मर्जीची वाट पाहायची. सोलापूर स्टेशनच्या बंगल्यात राहणारा गोरा अधिकारी रविवारी माळावर जाऊन निशाण लावू शकत होता. ज्याच्या मालकीचा तो माळ होता, त्या शेतकऱ्याला मात्र कलेक्टर कचेरीची पायरी चढल्याशिवाय तेच करता येत नव्हते.

१०.
१८७८ या वर्षाकडे आणखी बारकाईने पाहायला हवे. त्याच वर्षी भारतीय वनकायदा झाला आणि जंगलावरील गावांचे परंपरागत हक्क आवळले गेले. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला. आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला, ज्याने ताडी-शिंदीचे झाड छेदण्यासाठी परवाना अनिवार्य केला. झाड शेतकऱ्याच्या बांधावर उभे असले, तरी त्यातून रस काढण्याचा अधिकार सरकारी परवान्यातूनच येणार.

११.
बंदूक आणि शिंदी या दोन वस्तू एकमेकींपासून दूरच्या वाटतात. कायद्याच्या नजरेत मात्र त्या एकाच वर्षी एकाच मापाने मोजल्या गेल्या. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडे. त्या जमिनीवर काय करता येईल, याची किल्ली सरकारकडे. ही जोडी लक्षात ठेवावी. बावन्न वर्षांनी सोलापुरात तिची पुन्हा गाठ पडते.

१२.
कायदा अमलात आला तेव्हा दख्खन १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळातून नुकताच बाहेर पडत होता. सोलापूर जिल्हा त्यात होरपळलेल्या भागांपैकी एक. काही महिन्यांतच, १८७९ च्या आरंभी, वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि इतर साथीदारांना घेऊन सशस्त्र बंड उभारले. जुलै १८७९ मध्ये ते विजापूरकडील देवर नावडगी येथे पकडले गेले. परवाना, नोंदणी आणि शिक्षा यांचे जाळे पसरत असतानाच पुणे ते विजापूर या पट्ट्यात बंदुकीचा उद्देश बदलत होता.

१३.
सोलापूरचे वैशिष्ट्य असे की येथे कायद्याची हद्दच काही कोसांवर संपत असे. आग्नेयेला अक्कलकोट संस्थान, नैर्ऋत्येला जत, आणि ईशान्येला तुळजापूर-नळदुर्गापासून निजामाचे राज्य. शस्त्रकायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा. संस्थानांत ज्याचे त्याचे नियम. एकाच घराण्याची शेते हद्दीच्या दोन्ही बाजूंना असतील, तर एका शेतातील बंदूक दुसऱ्या शेतात नेणे म्हणजे कायद्याच्या भाषेत शस्त्राची आयात ठरू शके, आणि आयातीला वेगळा परवाना. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार आजही पाहायला मिळते. हद्दीच्या या बाजूच्या सामान्य घरांतली शस्त्रे केव्हाच नाहीशी झाली होती.

१४.
या विषमतेविरुद्ध आवाज लवकर उठला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच राष्ट्रीय सभेने शस्त्रकायद्याविषयी ठराव केला. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळात रद्द झाला. शस्त्रकायदा मात्र टिकला. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी जगभर बंदुका चालवल्यानंतर वंशावर आधारलेली सूट समर्थनीय राहिली नाही आणि १९२० च्या नियमांनी ती काढून टाकली. तरी परवाना द्यायचा की नाही, हे ठरवणारा अधिकारी पूर्वीचाच राहिला आणि त्याचा निकषही: अर्जदार सरकारला विश्वासू वाटतो का?

१५.
जानेवारी १९३० च्या अखेरीस गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांतील मिठाची मागणी सर्वांना पाठ असते. यादीतील पहिली मागणी होती संपूर्ण दारूबंदीची. आणि शेवटची, अकरावी, स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली देण्याची. अहिंसेचा पुरस्कर्ता बंदुकीच्या परवान्याची मागणी करतो, यात विसंगती वाटू शकते. त्यांचा आक्षेप सबंध राष्ट्राला सक्तीने निःशस्त्र ठेवण्याला होता. ज्याला शस्त्र उचलण्याची मुभाच नाही, त्याच्या अहिंसेला निवडीचे मोल कसे येणार?

१६.
पहिली आणि अकरावी मागणी भवानी पेठेच्या अंगणात एकत्र आली, ती ८ मे १९३० रोजी. भवानी पेठ आणि रूपाभवानीचे देऊळ सोलापूरच्या एकाच अंगाला, तुळजापूरच्या वाटेकडे. गांधीजींना ४-५ मे च्या रात्री अटक झाली होती आणि गिरण्यांचे शहर खदखदत होते. त्या दिवशी एक जमाव रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी गेला. शिंदी म्हणजे व्यसन आणि शिंदी म्हणजे सरकारचा महसूल. कुऱ्हाडीचा घाव दोहोंवर होता.

१७.
पोलिसांनी काहींना पकडले, जमाव आडवा आला, कलेक्टर नाइट घटनास्थळी आले आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात बळी पडला. १८७८ च्या दोन कायद्यांची ही समोरासमोर भेट होती. एका कायद्याने झाडाचा रस सरकारचा केला होता, तर दुसऱ्याने बंदूक फक्त सरकारच्या हाती ठेवली होती. झाड तोडणाऱ्यांकडे कुऱ्हाडी आणि दगड होते. नेम धरण्याचा अधिकार एकाच बाजूला होता.

१८.
पुढचा इतिहास सोलापूरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. संतप्त जमावाने पोलीस चौक्या आणि न्यायालयाची इमारत पेटवली, काही पोलीस मारले गेले, प्रशासन शहराबाहेर गेले आणि काही दिवस शहराचा कारभार लोकांनीच सांभाळला. मग लष्करी कायदा आला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांचे सोलापूर ही ओळख तेथून आली.

१९.
स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षे १८७८ चाच कायदा चालू होता. १९५९ मध्ये नवा शस्त्रकायदा मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून, नव्या नियमांसह, लागू झाला. जुन्या कायद्याचा हेतू सबंध राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा होता, हे नव्या कायद्याच्या उद्देशनिवेदनातच मान्य केले गेले. व्याख्याही माणसाळली. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू आणि साधी काठी-लाठी शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. विळा-कोयत्याला प्रतिष्ठा परत मिळाली.

२०.
खरा बदल मात्र निकषात झाला. ब्रिटिश कायदा विचारत असे, ‘तू कोण?’ नवा कायदा विचारतो, ‘कशासाठी?’ कलम १३ मध्ये ही कारणे स्पष्ट दिली आहेत. संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट २२ ची रायफल किंवा एअर रायफल. पण ती केंद्र सरकारने परवाना दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या अथवा संघटनेच्या सदस्यालाच.

२१.
आरंभीच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. शेतकऱ्याची बंदूक कायद्याने मान्य केली, पण पिकाच्या राखणीसाठी. लक्ष्यवेधही मान्य केला, पण क्लबच्या छत्राखाली. ‘स्वतःच्या जमिनीवर छंद म्हणून नेमबाजी’ असा स्वतंत्र कप्पा कायद्याने केलाच नाही. इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यातील आवाराची सवलत भारतात १८७८ मध्ये आली नव्हती, ती १९५९ मध्येही आली नाही. नव्या प्रजासत्ताकाने वंशभेद आणि राजनिष्ठेची कसोटी फेकून दिली. जागेविषयीचे मौन मात्र जसेच्या तसे उचलले.

२२.
याला एक अपवाद आहे, आणि तो पाहिल्यावर नियम अधिक स्पष्ट होतो. कर्नाटकातील कोडगू येथे कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे. तिचे मूळ १८६१ च्या ब्रिटिश आदेशात सापडते आणि स्वतंत्र भारताने ती चालू ठेवली. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. कैलपोद या सणाला तेथे शस्त्रांची पूजा होते आणि नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा रंगतात. जमीनधारणा आणि बंदूक यांचे नाते कायद्याने मान्य केलेला हा कोपरा. दख्खनच्या वतनदारांना आणि हलगलीच्या बेडरांना असे काही मिळाले नाही, कारण ब्रिटिशांच्या खात्यात ते बंडखोर होते.

२३.
क्लबच्या वाटेने मात्र महाराष्ट्राने मोठी मजल मारली. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. खेड्यातल्या मुलाचा नेम जगाने पाहिला. तो घडला मात्र क्रीडा प्रबोधिनीत आणि मान्यताप्राप्त रेंजवर.

२४.
आता वर्तमान. परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. ती कोणाच्या शेतात चालवली, हा पुढचा मुद्दा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद होऊ शकते. परवाना असला तरी तो ज्या कारणासाठी दिला, त्या कारणाला आणि त्यावर लिहिलेल्या अटींना बांधलेला असतो. काडतुसे किती घेता येतील, तेही त्यावर लिहिलेले असते. अटीचा भंग कलम ३० खाली शिक्षापात्र आहे. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या परवान्यावर रविवारी मडकी फोडण्याचा कार्यक्रम करणे म्हणजे स्वतःचा परवाना धोक्यात घालणे.

२५.
२०१६ च्या शस्त्र नियमांनी चौकट आणखी घट्ट केली. नव्या अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक झाले. रायफल क्लब आणि शूटिंग रेंज यांना स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे शेतात निशाणे उभारून मित्रमंडळींसाठी ‘रेंज’ चालवणे हे केवळ मालकीच्या बळावर शक्य नाही. सार्वजनिक जागी बंदूक उगारणे किंवा उडवणे निषिद्ध आहे. वरात, जत्रा, समारंभ यांत बेदरकारपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोळी बांधावर थांबत नाही. शेजारच्या वावरात कोणाला इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेची कलमे वेगळी लागतात.

२६.
भवानी पेठेच्या रहिवाशाला एक गंमत अनुभवायला मिळते. पेठ पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, म्हणून परवान्याचा अर्ज आयुक्तांकडे. शेत ग्रामीण भागात, तेथे परवान्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज राहत्या पत्त्यावरून होतो, जमिनीच्या गटक्रमांकावरून नव्हे. कायद्याचे लक्ष माणसावर आहे, मातीवर नाही, याचा हा रोजच्या कारभारातील पुरावा. शिवाय निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आणि सणासुदीला शस्त्रबंदीचे आदेश दोन्ही हद्दींत वेगवेगळे निघू शकतात.

२७.
सोलापूरपुरता आणखी एक पदर आहे. शहराच्या उत्तरेला नान्नज. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेले अभयारण्य मुळात सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले होते. त्यात असंख्य खासगी शेते होती. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचे असते. त्या परिघात नवा शस्त्रपरवानाही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही.

२८.
येथे, प्रथमच, जमीन कोठे आहे याला कायदा महत्त्व देतो; पण तेही मालकाला सूट देण्यासाठी नाही. माळढोक आणि काळवीट यांच्या वतीने तो बंदुकीला आणखी एक कुंपण घालतो. गोऱ्या साहेबांच्या शिकारीच्या हौसेने दख्खनच्या माळांवर काय उरले, हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे कुंपण जाचक वाटणार नाही.

२९.
मग कायदेशीर वाट कोणती? जिची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, अशा एअरगनला परवाना लागत नाही. मागे भक्कम मातीचा बांध आणि शेजाऱ्याला पूर्वसूचना असेल, तर स्वतःच्या शेतात कागदी निशाणावर सराव करण्याची हीच त्यातल्या त्यात निर्धोक वाट. तिचा छर्रा पाखरावर किंवा सशावर रोखला की मात्र वन्यजीव कायदा आडवा येतो. पिकात रानडुक्कर शिरले, तरी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. याहून मोठ्या बंदुकीचा छंद असेल, तर क्लबचे सदस्यत्व आणि परवानाधारक रेंज.

३०.
हे सारे वाचून तरुण वाचकाला दोन परस्परविरोधी भावना जाणवतील, आणि दोन्ही रास्त आहेत. परवान्याचा हा सांगाडा परक्या सत्तेने भीतीपोटी उभारला. हलगली जळाली, रूपाभवानीजवळ शंकर शिवदारे पडला, तेव्हा त्या सांगाड्याचा अर्थ नागडा झाला. पण आज त्याच सांगाड्याच्या आधारे वरातीतला बार रोखता येतो, माळढोकाचा माळ राखता येतो आणि शेजाऱ्याच्या वावरात राबणारी बाई निर्धास्त असते.

३१.
म्हणून खरा प्रश्न अकराव्या मागणीतील एका शब्दाचा उरतो: लोकनियंत्रण. गांधीजींनी परवाना नाहीसा करा, असे म्हटले नव्हते. तो कोणाच्या ताब्यात असावा, एवढे विचारले होते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने नकाराची कारणे लेखी द्यावीत, त्यावर अपील करता यावे, नियम सर्वांना सारखे असावेत, या गोष्टी १९५९ च्या कायद्याने दिल्या. त्या प्रत्यक्षात किती पाळल्या जातात, हे पाहण्याची जबाबदारी नागरिकांची आहे.

३२.
स्वतःच्या शेतात नेम धरण्यापूर्वी सातबारा पाहण्याचे कारण नाही. परवान्यावर कोणते कारण लिहिले आहे, ते पाहावे. आणि तो नसेल, तर माळ्यावर चढून गोफण हाती घ्यावी. तिला परवाना कधीच लागला नाही.

(समाप्त)